नववं कलम

दि. ३ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शिक्षकांनी पालकांशी विद्यार्थ्यांबद्दल फोनवर बोलायचं नाही, हा तुझ्या शाळेचा नियम. सख्खा भाऊही पालकच, म्हणून हे पत्र खारूच्या दप्तरातून पाठवतोय. कमाल आहे बाई तुमची! पोरीचं शाळेचं ऑनलाइन खातं तू बंद केलंस. शुक्रवारी विज्ञान स्पर्धेची शेवटची तारीख, आणि तिचं तीन महिन्यांचं काम त्यात अडकलंय. दोन दिवस धड जेवलेली नाही.

वर्गाच्या ग्रुपवर तिच्या खात्यातून गणिताच्या सरांना, आधी स्वतः सोडवून बघा, असं लिहिणारा मी होतो. तिचा काय दोष? लोभ आहेच, तूर्त रागाखाली दबलाय.

तुझा धाकटा

दि. ४ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू होतास हे वाचून कपाळावर हात मारला. खारूनं शेवटपर्यंत तुझं नाव घेतलं नाही. अरे, चष्म्याच्या दुकानात बसून जगाला बारीक अक्षरं वाचायला लावतोस, आणि चौदा पानी नियमावलीवर न वाचता सही ठोकतोस! नववं कलम: पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही. मीच लिहिलंय. भाचीसाठी मोडलं तर कुठल्या तोंडानं इतरांना सांगू? शिवाय सरांचं गणित बरोबर होतं. जीव तुटतो रे, पण खातं उघडणार नाही.

आशीर्वादाबरोबर थोडी अक्कलही पोचो.

तुझी ताई

दि. ५ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

बाबांनी मागितला म्हणून पासवर्ड दिला. तिसऱ्या कलमात लिहिलंय, पासवर्ड पालकांना माहीत असावा. नवव्यात लिहिलंय, कोणालाही सांगू नये. मी चौदाही पानं वाचली आहेत. तुम्ही दोघं एकमेकांना पत्रं लिहिता, मला कुणी काही विचारतच नाही. मला खूप राग आलाय.

पाकिटं चिकटवलेली नव्हती, तरी मी एकही उघडलं नाही. दुसऱ्याचं वाचायचं नसतं, सहावं कलम. उद्या शुक्रवार आहे. माया असू दे.

खारू

दि. ६ सप्टेंबर, सकाळी

चि. खारूस,
अ. उ. आ.

दोन्ही कलमं मीच लिहिली आणि एकदाही शेजारी ठेवून वाचली नाहीत. चूक माझी, शिक्षा तुला. खातं उघडलंय. आधी प्रकल्प पाठव, मग हवं तेवढं रुस. बाबाला सांग, सरांची माफी त्यानं स्वतः येऊन मागायची.

हेही पाकीट चिकटवलेलं नाही. पण हे उघड, तुझं आहे.

तुझी आत्या