लाटेखालून

चाकूर, रविवार संध्याकाळ.

मनगटावर नणंदेच्या, सुनीताच्या, नखांचे वण अजून हायेत. आज कोकणातून घरी आलो, तरी ती लाट डोळ्यांपुढून जाईना. समुद्रात कमरेभर पाण्यात होतो, अन् ती डोक्याहून उंच उठली. सुनीताला पोहता येत न्हाई. ती किनाऱ्याकडं पळायला लागली. मी ओरडले, "पळू नको! दम रोखून बुडी मार!" दोघी लाटेखालून निघालो. मग पाणी आत ओढायला लागलं. नखं रुतली ती तेव्हाच. किनाऱ्यावरच्या पाटीवर वाचलेलं आठवलं, ओढीशी झगडायचं न्हाई, किनाऱ्याच्या कडेकडेनं आडवं पोहायचं. तिला उताणी तरंगवली अन् आडवी पोहत राहिले. ओढ सुटली तशी किनाऱ्याकडं वळले, अन् पाय वाळूला टेकले. एवढी शांत कशी राहिले मी? विहिरीतलं पोहणं कामी आलं, दुसरं काय!

आम्ही आल्या-आल्या सासूबाईंनी विचारलं, "लाटा लई मोठ्या असतेत म्हणं?"

सुनीता म्हणाली, "हाव आई. पण खालून जाता येतंय."