बाहुल्यांच्या सणाला मेलेली ओतामी

तीर्थस्वरूप ओसेकी मावशींना,
एदोहून हिकोझोचा चटईला कपाळ टेकवून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मी बरा आहे, म्हणजे स्वतःच्या हातचं खाऊन माणूस जेवढा बरा राहतो तेवढा. तुमची भाची ओतामी बाहुल्यांच्या सणाला माहेरी गेली ती अजून आलेली नाही. ती परत यावी म्हणून हा सारा खटाटोप.

तुमच्या बहिणीने माझ्या नावाने खडे फोडले असतीलच, आता माझंही ऐका. आमच्या धन्यांनी सणाचं चित्र छापायला काढलं. बाहुल्यांपुढे बसलेली बाई, आणि चित्रकाराने चेहरा घेतला ओतामीचा. (त्या निमित्ताने तो आमचा निम्मा चहा प्यायला, ते जाऊ द्या.) ठोकळा कोरायचं काम माझं. रीत अशी, की चित्राचा कागद लाकडावर पालथा चिकटवायचा, म्हणजे छापल्यावर सुलटा येतो. हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मावशी, मी खळ हातात घेतली आणि ती कागदावरून माझ्याकडे बघून हसत होती. तिच्या तोंडाला खळ फासून तिला पालथी घालायला माझा जीव होईना. म्हटलं, राहू दे बापडी उताणी.

झालं, छापल्यावर सगळं उलटं. (अक्षरांचा ठोकळा दुसऱ्याने कोरलेला, अक्षरं सुलटी आली, म्हणून दुकानात कुणाला शंकाच नाही.) किमोनोची डावी बाजू वर हवी, ती गेली खाली आणि उजवी आली वर. म्हणजे मेलेल्या माणसाला नेसवतात तशी. हे चित्र तुमच्या बहिणीने कौतुकाने बाहुल्यांशेजारी लावलं. शेजारच्या ओकुमा आजी बाहुल्या बघायला आल्या, चित्र बघून हात जोडले, बाहीने डोळे पुसले आणि विचारलं, "कधी गेली हो पोर?" एवढ्यात पोर चहा घेऊन बाहेर आली. आजींना शुद्धीवर आणायला म्हणे निम्मी आळी जमली होती.

तेव्हापासून ओतामीचा एकच निरोप: मेलेल्या बायका नवऱ्याला रांधून घालत नाहीत. मावशी, तिच्यावाचून घर खायला उठतं. ती तुमचं ऐकते. मी तिला पालथी का घातली नाही, तेवढं तिला सांगा.

तुमचा,
हिकोझो

ता. क. धनी मुळीच रागावलेले नाहीत. त्याच ठोकळ्यावर बाहुल्यांच्या जागी कंदील बसवून ते हेच चित्र बोनच्या सणाला विकणार आहेत, पितर घरी येतात तेव्हा. पुढच्या वर्षी त्यांना एक म्हातारी हवी आहे आणि तुमच्या बहिणीचा चेहरा माझ्या मनात आहे. हे दोघींनाही सांगू नका.

आणखी ता. क. सोबत ओतामीचं नवं चित्र पाठवतोय. यात ती जिवंत आहे. तरी तिला दाखवण्याआधी तुमच्या अंगावरच्या किमोनोशी ताडून बघा, आणि उलटं निघालं तर चुलीत घाला. या वेळी मी तिला पालथीच चिकटवली, पण डोळे मिटून.