धनसराच्या नावाने तीन फुंका

मंसिर ७
आले मोजणारे! काठमांडूहून. देशात किती जणांची छाती निकामी झालीय ते मोजायचंय म्हणे. त्याला यंत्र कशाला? सकाळी आमच्या या डोंगरी जुम्ल्यात उभं राहा, कान उघडे ठेवा. घराघरातून खोकताहेत!
घरटी एक नाव, चिठ्ठी टाकून. आमच्या घरातून धनसराचं निघालं — माझ्या नणंदेचं. बरं झालं. तिचा श्वास चुलीतल्या ओल्या लाकडासारखा सूं सूं करतो.

मंसिर ८
फुंकायचं यंत्र शाळेत. शाळा वर, डोंगराच्या डोक्यावर. धनसराला अंगण ओलांडवत नाही! सांगायला गेले तर मोजणाऱ्यांतली ती चष्मेवाली पोरगी — "दिदी, त्या नाही आल्या तर नाव कापू. शेजारच्या घरातलं घेऊ."
"शेजारी पैलवान हर्के आहे. त्याला मोजून काय लिहिणार? देश ठणठणीत?"
"नियम आहे, दिदी."
नियम! ज्यांना चालवत नाही ते मोजायचेच नाहीत. मग रोग कमीच निघणार की!
यादीत नाव राहिलं आणि आजार निघाला, तरच जिल्ह्याला पाठवणार, श्वासातून ओढायचं औषध देणार. नाव कापलं की संपलं.
धनसरा म्हणते, "राहू दे गं वहिनी, एक मी नसले तर काय बिघडतं?"
गप बस म्हटलं.

मंसिर ९
गेले मीच. डोक्यावरून शाल, हातात तिचा ओळखीचा कागद. वीस वर्षांपूर्वीचा फोटो, त्यात गावातली कुठलीही बाई खपेल.
घोर एकच — माझी छाती धडधाकट. हळूच फुंकायचं ठरवलेलं. पण ती पोरगी ओरडायला लागली, "फुंका, फुंका, अजून, अजून!" म्हैस हाकल्यासारखी! डोकं फिरलं माझं. घातला सगळा जीव. तीनदा. मग औषध ओढायला लावून पुन्हा तेच.
वाटलं, घात केला मी. धनसराला कागदावर ठणठणीत करून टाकलं!
तर पोरगी म्हणते, "आजार बराच पुढे गेलाय, दिदी. जिल्ह्याच्या दवाखान्याची चिठ्ठी देते."
घरी येईपर्यंत हसत होते. कसलं यंत्र! नाव बघून लिहितं वाटतं!

मंसिर १०
चिठ्ठी धनसराच्या हातात दिली, सगळं सांगितलं. वाटलं, पोट धरून हसेल.
हसली नाही. चिठ्ठी परत माझ्या मुठीत कोंबली. "वहिनी, खरं सांग. जोर लावून फुंकलं होतंस ना?"