उमावन्संच्या पसंतीचा सेट

देवास,
१९ डिसेंबर २००५

ती. उमावन्सं,

शि. सा. नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. देवश्री हाटपिपल्याला सासरी रुळली असेल, आणि लेकीचं लग्न उरकून तुमची कंबरही जागेवर आली असेल.

पत्रास कारण, आमच्या घरावर परचक्र आलं आहे. बैठकीतल्या एकुलत्या चालत्या प्लगावर तुमच्या भाचीच्या, म्हणजे आमच्या ईशानीच्या, गाण्याच्या मशीननं तळ ठोकलाय. परिणामी दाण्याची चटणी मी पाट्यावर वाटते. पूर्वीच्या बायकाही वाटत असतील, पण त्यांच्यासमोर कोणी कानांना वाट्या लावून तासन्‌तास मुकाट मान हलवत नसेल. तक्रार नाही. नुसतं कळवलं.

तुम्हाला वाटत असेल, आपण फोनवर चार शब्द सांगितले, त्यात काय एवढं. त्याआधी इथे काय चाललं होतं ते ऐका. ईशानीला डीजे व्हायचं होतं आणि गाठीशी शिकवण्यांचे साठवलेले चौदा हजार. तुमचे बंधू म्हणाले, "सगळ्या पैशांचे भोंगे घे. आवाज घुमला पाहिजे, बाकी कोण बघतंय?" शेजारचे रघुजी म्हणाले, "बेटी, लाइटवाला लो. पब्लिक लाइट देखती है."

मला कोणी विचारलं नाही. आणि मी, वन्सं, भाजीची पिशवी घेऊन स्टेशनजवळच्या साउंडवाल्याकडे जाऊन आले होते. एकदा नाही, तीनदा. तो म्हणाला, "आंटी, लड़के की शादी है क्या?" मी म्हटलं, "नहीं भिया, लड़की बजाएगी." त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि चहा मागवला. सगळं समजून घेतलं, घरी आले, आणि ही कधी विचारते याची वाट बघत बसले.

तिनं धारला तुम्हाला फोन लावला.

तुम्ही सांगत होतात आणि ती एकेक वाक्य मोठ्यानं परत म्हणत होती, म्हणून मला सगळं पाठ आहे. "गाणं तुटलं की बायका बसतात. बसल्या की पदर आठवतो, पोरं आठवतात, मग त्या उठत नाहीत. महिला मंडळात आयुष्य गेलं माझं. भोंगे भाड्यानं मिळतात गं. एक गाणं संपायच्या आत दुसरं त्यात मिसळेल, असं काहीतरी घे." झालं! इंदूरहून जुना जोड सीडी प्लेअर आला, त्यात गाण्याची लय हळू-जलद करता येते. दोन गाणी जुळवायचा मिक्सर आला. उरल्या पैशात हेडफोन. भोंगे भाड्याचे.

मी मोठ्या भोंग्यांच्या बाजूची होते, हे सांगून टाकते. म्हणजे मला विचारलं नाही तेच बरं झालं. बरं झालं म्हणून बरं वाटतं असं नाही.

आणि मग देवश्रीच्या लग्नातलं तुमच्याकडचं ते लेडीज संगीत. एरवी छातीची बटणं उघडी टाकलेली पोरं डीजेला असतात, त्यांच्यासमोर कोण नाचणार? मशीनमागे मुलगी बघून सगळ्या मोकळ्या झाल्या. सरदारपूरच्या माई आरतीलासुद्धा टाळी वाजवत नाहीत, त्या कमरेला पदर खोचून उतरल्या. गाणं तुटलं नाही, उठलेलं कोणी बसलं नाही. तेवढ्यात आमची माइकवर म्हणाली, "ये सेट मेरी आत्या की पसंद है. आत्या, ये वाला आपके लिए!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हातातली बर्फीची बशी खाली ठेवून वाजवल्या, म्हणजे बघा.

तुम्ही येऊन माझा हात धरलात. "अगं विनोदिनी, ऊठ, एक फेरा घाल." मी म्हटलं, "टाच दुखते." "मग एक फेरा तुझ्याकडे उधार," म्हणालात, आणि सगळ्या हसल्या.

टाच दुखत नव्हती, वन्सं. अख्ख्या हॉलात मी एकटी बसले होते आणि मशीनमागून ईशानी बघत होती. धारहून परतल्यापासून तिनं मला एक गाणं ऐकवलं नव्हतं. तुमच्याकडे पोर सल्ल्याला येते, माझ्याकडे डबा भरून घ्यायला. मला तुमचा हेवा वाटतो. याहून बरा दिसेल असा शब्द शोधला, सापडला नाही.

काल दुपारी चटणी अर्ध्यावर टाकून तिच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "मला ऐकव."

"तुला तर मोठे भोंगे पाहिजे होते ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"साउंडवाले भियानं. बोला, तेरी मम्मी तीन बार आई थी."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तू बोलली का नाहीस? मी वाट बघत होती."

तिनं हेडफोन काढून माझ्या डोक्यावर चढवला. एक गाणं चालू होतं, मग दुसरं चालू होतं. मधला सांधा मी शोधत राहिले, मिळाला नाही. तुमचं बरोबर होतं.

मग चटणीच्या हातानंच पदर खोचला आणि बैठकीत एक फेरा घातला. वायर पुरेना, तेव्हा ईशानी मशीनच टेबलासकट पुढे ओढून, वायर वर धरून माझ्यामागे फिरली. घरात दुसरं कोणी नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला गाणंही ऐकू आलं नसतं.

तो फेरा जमा धरावा. हेवा अजून आहे, त्याला थोडा वेळ लागेल.

तुमची,
विनोदिनी