वीतभर उंच

तीर्थरूप बाबा,

यंदा नमस्कार उभ्यानेच करते, गुडघा वाकत नाहीये. घाबरू नका, थोडी सूज आहे.

कॉलेजच्या आमच्या बास्केटबॉल टीमचा सीझन काल संपला. अकरा मॅच जिंकलो आणि शेवटची दोन पॉइंटनी हरलो. मी बेंचवर कोच मॅडमच्या शेजारीच होते. पाण्याच्या बाटल्या भरणं हेही मानाचं काम आहे, हसू नका.

तुम्ही घराच्या मागच्या भिंतीवर रिंग चुकून वीतभर उंच ठोकलीत ना, त्यामुळे माझा बॉल सगळ्यांपेक्षा उंचावरून पडतो. पोरी मला 'वीतभर'च म्हणतात. शेवटच्या मिनिटाला गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अहो, वीतभरला उतरवा!" मॅडमनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मी टॉवेलची घडी घालत बसले.

आईची कंबर कशी आहे? तिला यातलं काही सांगू नका, उगीच जीवाला घोर लावून घेईल.

डॉक्टर म्हणतात, चालता येईल, पण उडी आता विसरायची. दर सुट्टीत मी यायच्या आधी तुम्ही रिंगला रंग देता ना बाबा, या वेळी नका देऊ.

तुमचीच,
वीतभर