नदीकडची खोली, दोघींसाठी

दि. २ सप्टेंबर

चि. भिंगरी हिला अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दापाशी अडले. आजवर तुला लिहिताना हात आपसूक ‘चि. सौ.’ लिहून मोकळा व्हायचा. आज ‘चि.’ लिहिलं आणि पेन हवेतच राहिलं. मग म्हटलं, चिरंजीव तर तू आहेसच, तेवढं पुरे.

फोन सोडून पत्र का, तेही सांगते. गेल्या वेळी फोन केला तेव्हा हवापाणी, भाजीचे भाव आणि माझा गुडघा एवढं झाल्यावर आपण दोघीही गप्प झालो. शिवाय नोकरी सुटून इतकी वर्षं झाली तरी फोन कानाला लावला की माझा स्टेशनवरचा आवाज लागतो, असं तूच म्हणायचीस. जन्मभर गाड्या पुकारलेल्या बाईला मायेचं काही बोलायचं असेल तर तिने कागदच घेतलेला बरा.

तर मुद्द्याचं. तीन नंबरच्या फलाटावरून सकाळी सुटणारी, त्या नदीकाठच्या शहराची गाडी मी निवृत्त होईपर्यंत रोज पुकारली. वाटेतली सगळी स्टेशनं मला झोपेतही म्हणता येतात. पण त्या गाडीत मी एकदाही चढले नाही. लोक परत यायचे ते वाइनच्या बाटल्या कपड्यांत गुंडाळून, तान्ह्या बाळासारख्या छातीशी धरून. मी काचेआडून बघायची. तू घरात आलीस त्या वर्षी आपण ठरवलं होतं, की घरातल्या पुरुषाला घरीच ठेवून दोघींनी तिथे जायचं. मग तुझं काम, माझं दुखणं, आणि पुढे तुमचं ते सगळं. राहूनच गेलं.

आता जाऊ या का? पुढच्या महिन्यात, चार दिवस. नदीच्या एका काठाला शहर, दुसऱ्या काठाला नुसती वाइनची तळघरं आणि मधे उंच पूल, असं ऐकते. मी वाइन आयुष्यात दोनदाच चाखली, दोन्ही वेळा तुझ्याच ग्लासातून. तेव्हा बिघडायचं ते बिघडून झालंय.

आणखी एक. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. ठोंब्याचं दुसरं लग्न ठरलं. मुलगी शाळेत चित्रकला शिकवते, शांत आहे. वर्षअखेरीस नोंदणी करतील, गाजावाजा काही नाही. हे शेवटी लिहिलं, कारण सुरुवातीला लिहायचा धीर झाला नाही.

तू केलेली कवळी झकास बसली आहे. उत्तर धाड. माझा लोभ जागच्या जागी आहे, तुझाही असू दे.

तुझी
आई (खोडू की राहू दे?)


दि. ११ सप्टेंबर

तीर्थस्वरूप आईंना शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र दुपारच्या सुट्टीत लॅबमध्येच वाचलं. हात प्लास्टरचे होते, त्यामुळे त्यावर माझ्या बोटांचे पांढरे ठसे उमटलेत. इथे नेहमीचंच. एक नवे डॉक्टर आलेत, ते जबड्याचे असे साचे पाठवतात की पेशंट माणूस आहे की घोडा हे आधी ठरवावं लागतं. बाकी मी बरी आहे. खोली लहान आहे पण ऊन येतं.

ठोंब्याचं ऐकून बरं वाटलं. आधी थोडा वेळ नाही वाटलं, मग वाटलं. आमचं भांडण कधी नव्हतंच, हे तुम्हाला ठाऊक आहे. एका घरात राहून आम्ही एकमेकांना चुकवत होतो, जिन्यात समोरासमोर आलेली माणसं चुकवतात तसे. तो आता कुणाला चुकवत नसेल तर चांगलंच आहे.

पण सहलीला यायला मला जमणार नाही. कामाचं कारण सांगणार होते. लिहून पाहिलं, पण ते खोटं दिसायला लागलं. खरं सांगू का? नवी सून यायच्या आधी जुनीला मायेने चार दिवस फिरवून, खाऊपिऊ घालून नीट निरोप द्यावा, असं तर तुमच्या मनात नाही ना? तसं असेल तर ते माझ्याने सोसवणार नाही. निरोप पत्रातूनच द्या, मी इथे एकटी वाचीन.

आणि तिथे कुणी विचारलं तर मी तुमची कोण म्हणून सांगायचं?

रागावू नका. गुडघ्याला शेक चालू ठेवा. प्रेम कमी झालेलं नाही, एवढं खात्रीने लिहिते.

तुमची
भिंगरी


दि. १७ सप्टेंबर

चि. भिंगरी, आशीर्वाद तर आहेतच, पण आज आधी कान धरते.

पूर्वी तू मला ‘तीर्थरूप’ लिहायचीस. आता ‘तीर्थस्वरूप’ झाले. मधे हा ‘स्व’ कुठून घुसला? तुझ्या सख्ख्या आईला जे लिहितेस तेच मला लिहायचं, असं तूच लग्नानंतरच्या पहिल्या पत्रात ठरवलं होतंस. तो ‘स्व’ आल्या वाटेने परत पाठव.

निरोपाचं म्हणशील, तर मी स्टेशनवरची बाई. मला निरोप द्यायचा असता तर तो मी एका वाक्यात, दोनदा, स्पष्ट आवाजात दिला असता. त्यासाठी चार दिवस आणि नदी कशाला हवी?

आता जे तुला कधी बोलले नाही ते लिहिते. तुम्ही वेगळे झालात तेव्हा लोक ठोंब्याची विचारपूस करायला आले. तुझ्याकडे तुझी माणसं आली असतील. माझ्याकडे कुणी आलं नाही. माझ्या घरातली मुलगी गेली होती गं. पण त्या दुःखाला भेटायला यायची पद्धतच नाही. आणि मीही कुणाला काय सांगणार? समोरच्या बाई तेवढ्या आल्या आणि म्हणाल्या, की मूलबाळ नव्हतं ते एक बरं झालं. मी त्यांना चहा दिला. काय करणार! त्या गेल्यावर तुझा कप कपाटात सगळ्यात मागे ठेवला. दुसऱ्या दिवशी परत पुढे काढला.

तू माझी कोण, ते मला नाही सांगता येत. पण तुझ्या हातचे दात माझ्या तोंडात आहेत. रोज त्यांनीच जेवते, त्यांनीच हसते. आणि तू मला विचारतेस की कोण म्हणून येऊ!

येणार असलीस तर खोली तू शोध. मला त्या मोबाइलवरचं काही कळत नाही. नाही आलीस तरी माया आटायची नाही, पण मी तोंडाने कबूल करणार नाही.

तुझी आई
(खोडत नाही.)


दि. २५ सप्टेंबर

तीर्थरूप आई, शि. सा. नमस्कार.

‘स्व’ परत पाठवला आहे, पोचला का कळवा.

पत्र वाचून मी लॅबच्या मागच्या खोलीत जाऊन रडले. सोबतच्या मुलीने विचारलं तर मेणाचा धूर डोळ्यांत गेला म्हणून सांगितलं. त्यानंतर लगेच खोली शोधली. एक फार सुंदर होती, अगदी टेकडीवर, पण तिथल्या पायऱ्यांचा फोटो बघूनच तुमचा गुडघा संपावर गेला असता. दुसरी खाली नदीला लागून आहे. खिडकीखाली होड्या बांधलेल्या असतात. दोन वेगळे पलंग आहेत, कारण तुम्ही घोरता. तुम्हाला ते अजून मान्य नाही हे मला माहीत आहे.

तळघर बघायलाही नाव नोंदवलं आहे. तिथे आधी पिंपं दाखवतात, मग तीन प्रकारची वाइन चाखायला देतात. तुम्ही एकच ग्लास घ्यायचा, बाकीचे दोन मी सांभाळीन. तुमचा स्टेशनवरचा आवाज सुटला तर तळघरात फार घुमेल. गाडीत समोरासमोरच्या खिडक्या घेतल्या आहेत, म्हणजे भांडण नको. तुमचं तिकीट सोबत पाठवते आहे.

एकच अट. पहिले दोन दिवस ठोंब्याचा विषय नाही. नंतर बघू.

स्वेटर घ्या, चपला बंद घ्या. मी आत्तापासून कपडे काढून ठेवते आहे आणि स्वतःलाच हसते आहे. सगळी माया तुम्हाला.

तुमची
भिंगरी


दि. ६ ऑक्टोबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

हे पत्र लवकर संपवते. रविवारी ठोंब्या आला होता. मी तिकीट फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं, ते त्याने पाहिलं. आवाज चढवला नाही, तो चढवतच नाही. खुर्चीवर बसून खाली मान घालून म्हणाला, की आई, आत्ताच का? लग्न तोंडावर आलंय आणि तू आधीच्या सुनेबरोबर फिरायला गेलीस हे कळलं तर या मुलीला काय वाटेल. निदान सगळं पार पडेपर्यंत थांब, असं म्हणाला.

त्याचं अगदीच चुकलं असं मला म्हणता येईना. एकदा त्याचा संसार टिकला नाही. दुसऱ्यांदा मांडताना मधे माझा पाय नको.

तेव्हा तिकिटं रद्द कर. मीच हट्ट धरला आणि मीच मोडला. तुझ्यापुढे तोंड दाखवायला जागा नाही. रागाव, पण लिहायचं थांबवू नकोस.

आई


दि. १३ ऑक्टोबर

भिंगरीस नमस्कार. माझं अक्षर बघून दचकली असशील.

मायना कसा लिहावा हे कळलं नाही, म्हणून नुसता नमस्कार. आईने तुला कळवलं असेलच. मी बोललो ते बरोबर आहे असं बोलताना वाटत होतं. घरी येईपर्यंत तितकंसं वाटेना.

आई माझ्यावर रागावलेली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. जेवलास का विचारते, शर्टाचं बटण लावून देते. पण परवा मी गेलो तेव्हा ती भांडी घासता घासता हळू आवाजात त्या गाडीची स्टेशनं म्हणत होती. मी दारातच उभा राहिलो. मधल्या एका स्टेशनाशी ती थांबली आणि पुढचं तिला आठवेना. पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं, पुन्हा तिथेच अडली. मग नळ बंद केला आणि तशीच उभी राहिली. माझ्या आईला ती स्टेशनं आठवली नाहीत, भिंगरी.

जिच्याशी लग्न ठरलंय तिला मी जाऊन सगळं सांगितलं. वाटलं होतं, माझी बाजू घेईल. ती माझ्यावरच चिडली. मला वाईट वाटेल हे मला न विचारता कुणी ठरवलं, असं म्हणाली. आणि म्हणाली, की आईंना त्यांचं माणूस सोडायला लावून मिळणारं घर तिला नको आहे. मग तिनेच मला कागद आणून दिला.

तर आईला घेऊन जा. मी तिच्याशी बोललोय, पण तिला वाटतं की आता तूच यायची नाहीस. गुडघ्याच्या गोळ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवीन. दमली तर ती कबूल करणार नाही. रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायला लागली की समज, दमली. तुला माहीत असेलच, तरी लिहितो.

तुझ्याशी इतकं मी समोर बसून कधी बोललो नाही. तेव्हा बोलायला हवं होतं की नाही, आता त्यात शिरत नाही. तुझं चांगलं व्हावं असं मनापासून वाटतं.

ठोंब्या


दि. १६ ऑक्टोबर

तीर्थरूप आई, नमस्कार.

तिकिटं मी रद्द केलीच नव्हती. तुमचं पत्र आलं, दोन दिवस रागाने उशीखाली ठेवलं, आणि मग विचार केला की तुम्ही नाही आलात तर मी एकटीच जाईन आणि तुमच्या समोरच्या सीटवर पर्स ठेवीन. आता पर्सची सोय दुसरीकडे करते.

बॅग भरा. जास्त माया गाडीत देईन.

भिंगरी


दि. २९ ऑक्टोबर

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

नदीकडच्या खोलीतून लिहिते आहे. जेवणं झाली, भिंगरी पलंगावर आडवी होऊन घोरते आहे. हो, तीच. मी जागी राहून नीट ऐकलं आहे.

शहर छान आहे. चढ फार, पण उतरताना तेच चढ आपले असतात. नदी भरतीला उलटी वाहते हे मी पहिल्यांदा बघितलं. काल तळघरात गेलो. आत गार, ओल्या लाकडाचा वास, आणि पिंपं एवढी मोठी की एकेकात आपलं स्वयंपाकघर मावेल. तिथल्या माणसाने वाइन ओतता ओतता विचारलं, की तुम्ही मायलेकी का? तर भिंगरीने त्याला सरळ सांगितलं, की या सासरकडून मिळालेल्या. सासर परत केलं, आई ठेवून घेतली. तो माणूस इतका हसला की मला एका ग्लासाचे दोन ग्लास मिळाले. मी मात्र हसता हसता रडले, आणि तिने माझ्या हातातला ग्लास काढून घेतला, कारण तो सांडत होता.

पहिले दोन दिवस तुझं नावसुद्धा काढायचं नाही अशी तिची अट होती. मी पाळली. आज सकाळी पुलावर उभ्या होतो, वारा बोचत होता. तिने एकदम विचारलं, की थंडीतही खिडकी सताड उघडी टाकून झोपायची त्याची सवय गेली का? मी म्हटलं, कसली जाते. तर ती म्हणाली, की त्या मुलीला कुणी हे सांगितलं नसेल. पहिला हिवाळा ती कुडकुडत काढेल आणि नवीन म्हणून बोलणारही नाही. मीही नव्हते बोलले, असं म्हणाली.

तिथून आम्ही थेट बाजारात गेलो. चार दुकानं पालथी घातली. प्रत्येक पांघरूण ती गालाला लावून बघायची, दुकानदार कंटाळले. शेवटी लोकरीचं एक मिळालं, जाड, हळदीच्या रंगाचं. चित्रं काढणाऱ्या बाईला फिकट रंग आवडायचा नाही, असं तिचं मत पडलं. मी आणते आहे. कुणी निवडलं ते मी त्या मुलीला सांगणार, लपवाछपवी मला जमत नाही.

परवाच्या गाडीने निघतो. स्टेशनवर येऊ नकोस, आमचं आम्ही येऊ. दोघांनाही आईची माया.

तुझी आई

ता. क. अक्षर माझं आहे. उठले तेव्हा पत्र पुढ्यात होतं आणि आईंनी लिहायला सांगितलं. पांघरूण एकच घेतलंय आणि ते तिचं आहे. तू खिडकी लावत जा.

भिंगरी