लांब पायाचे पेले

पिंपळगाव राजा,
३ एप्रिल २०२५

चि. सौ. संजीवनीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललो की साऱ्या घराचे कान टवकारतात, म्हणून पत्र. पाकीट डिंकाने घट्ट चिकटवले आहे. उघडलेले दिसले तर कळव.

तुझ्या भावजयीचे लक्षण ठीक दिसत नाही. अर्पिताने कुरियरने काचेचे पेले मागवले, वर वाटी आणि खाली लांब पाय. असले पेले कशासाठी असतात हे न कळायला मी दूधखुळा नाही. आधी बारीक पायाचे आले, ते परत करून जाड पायाचे मागवले. एवढी पारख सवयीशिवाय येत नाही. विचारले तर म्हणाली, शोभेचे आहेत. शोभेची वस्तू पिठाच्या डब्यामागे कोण ठेवते? मी आत गेलो की ती आणि तुझी आई एकदम गप्प होतात. हर्षलला काय विचारणार, तो बायकोच्याच ओंजळीने पाणी पितो.

या घरात माझी नजर चुकवून काही होत नाही. महिनाअखेरीस अर्पिताच्या वडिलांना बोलावून पेले पुढ्यात मांडणार आणि मुलीला घेऊन जा म्हणणार. तुला काही ठाऊक असेल तर त्याआधी लिही.

जावईबापूंना आशीर्वाद, तुझ्यावर माया आहेच.
बाबा


मेहकर,
९ एप्रिल

ती. बाबांस संजीवनीचा शि. सा. नमस्कार.

पाकीट शाबूत मिळालं. डिंकापायी पत्राचाच कोपरा फाटला.

अर्पिताच्या वडिलांना बोलावू नका. ते पेले मी निवडले, आईसाठी. दिवाळीपासून तिच्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत, स्टीलचा ग्लास निसटतो. अर्पिताच्या मावसबहिणीच्या लग्नात सरबत अशा पेल्यातून दिलं. आईनं पाय दोन बोटांत धरला, वाटी तळहातावर टेकवली आणि न सांडता प्याली. बारीक पाय तिच्या बोटांत डुगडुगत होता, म्हणून जाड मागवले. ब्लाउज शिवायला जातो सांगून अर्पिताच तिला डॉक्टरकडे नेते.

आईनं शपथ घातली होती, तुह्या बाबाले सांगू नको, ते मले चुलीपासून उठवतीन. पण अर्पिताच्या नावाला बट्टा लागत असताना मला गप्प राहवत नाही.

बाबा, रागावू नका. ती रोज तुमच्यासमोर जेवते. जेवताना तिनं पाणी पिणं कधी सोडलं, ते तुमच्या लक्षात आलं का?

लोभ आहे तसाच असू द्या.
तुमची संजीवनी


पिंपळगाव राजा,
१७ एप्रिल

चि. सौ. संजीवनीस आशीर्वाद.

नाही आले लक्षात. फार आठवून पाहिले. लाज वाटली.

अर्पिताला म्हटले, पेले समोरच्या फळीवर ठेव. माफी मागायला जीभ रेटेना, म्हणून आता डॉक्टरकडे मी नेईन म्हणालो. तिने विचारले, ब्लाउजचे माप देता येईल का. तुझ्या आईला चुलीपासून उठवलेले नाही. पीठ तेवढे मी मळतो. वाईट मळतो, म्हणते.

जेवताना दोन पेल्यांत ताक असते, एक तिचा, एक माझा. तिला एकटीला ते अवघड वाटू नये. काल शेजारचे उत्तमराव आले, माझ्या हातातला पेला पाहून न बसताच गेले. संध्याकाळपर्यंत गावभर झाले की अर्जुनराव म्हातारपणी प्यायला लागले. ताडाखाली बसून दूध प्यायले तरी लोक ताडीच म्हणतात. म्हणू देत. तुझी आई इतकी हसली की पेला सुटेल असे वाटले. सुटला नाही.

येऊन जा, आई वाट पाहते. मीही.
बाबा

ता. क. या वेळी डिंक बेताचाच लावला आहे. कोणी वाचले तरी चालेल.